नीट करून सांगितलेले निरोप

ता. ९, मंगळवार
दुपारी, दुकानातूनच

चि. पोस्टमास्तर हिला बाबाचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्याकडे येऊन गेलो ते मला नक्की कितीला पडलं, ते आधी मांडतो. जाताना दोन बस, येताना दोन बस. मधल्या थांब्यावर तासभर उभा. दुकान दिवसभर बंद राहिलं म्हणून एक जुनं गिऱ्हाईक आपली पाण्याची मोटार घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या नव्या दुकानात गेलं, आणि तिथं काम किती झटपट झालं हेही त्यानंच मला येऊन सांगितलं. छत्री तुझ्या दाराआड राहिली. डावा गुडघा कालपासून कुरकुरतोय. आणि तुझ्या चिंगीच्या तोंडचं एक वाक्य. ते मी येताना दोन्ही बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो होतो आणि अजून खाली ठेवता आलेलं नाही.

छत्री राहू दे, पुढच्या खेपेला नेईन. वाक्याचं पुढे सांगतो, जरा दम धर.

इकडे सर्व ठीक. आई मजेत आहे. तुझ्या पाठीची चौकशी करत होती, गरम पाण्याच्या पिशवीनं शेक घे म्हणते. दुकानात काम बरं आहे. दोघा कामगारांपैकी मोठ्यानं नवा चष्मा घेतला आणि आता त्याला स्वतःचं जुनं काम बघवत नाही, म्हणून तो गेल्या महिन्यातल्या मोटारी परत उघडायच्या म्हणतो. मी म्हटलं, चष्मा घरी ठेवून ये.

काल छापखान्याचे मालक आले होते. थोरले गेले, आता त्यांचा मुलगा बसतो. त्यांच्याकडची ती मोठी मोटार, तुला आठवत असेल, तू पाच वर्षांची होतीस तेव्हा आपल्याकडे आली होती, ती अजून चालते. सव्वीस वर्षं. मध्ये दोनदा बेअरिंग बदलली, पण आतल्या तारेला कोणाचा हात लागलेला नाही. दुकानात चार माणसं उभी होती, त्यांच्यासमोर ते म्हणाले, ही यांच्या हातची. मी काही बोललो नाही, पण छाती फुगली, खोटं कशाला सांगू? दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारताना ऐकून ऐकून काम शिकलेला माणूस मी. दोन हात आणि दोन कान, एवढ्यावर हे सगळं उभं केलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला लावायचं, मूठ कानाला, आणि आत कुठं घासतंय ते झाकण न उघडता सांगायचं. लोक मला कानवाले म्हणतात ते काही उगीच नाही.

आणि दुसरी गोष्ट मी चार लोकांत नेहमी सांगतो ती म्हणजे, सव्वीस वर्षांत आमच्या घरात आवाज चढला नाही. तूच साक्षीदार आहेस. शेजारीपाजारी भांडीकुंडी उडायची, आपल्याकडे मात्र कधी मोठा शब्द नाही.

फोन न करता पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर तू भांडी विसळत बोलतेस, चिंगी शेजारी असते, आणि मी काही विचारलं की तू 'हं' म्हणतेस. तुझ्या 'हं'चे सात प्रकार आहेत, मला सातही ओळखू येतात, पण उत्तर एकातही नसतं. शिवाय जे सांगायचंय ते मला स्वतःलाच एका दमात सांगता येत नाही. कागदावर निदान थांबता येतं.

तर रविवार.

तू मला मधल्या खोलीत बसवलंस, हातात चहा दिलास आणि आत गेलीस. जावईबापू गॅलरीत त्यांच्या ड्युटीच्या पांढऱ्या कपड्यांना इस्त्री करत होते. चिंगीचा शाळेचा गणवेश आणि तुझे दोन कुर्तेही त्यांनी त्याच ढिगात घेतले होते, ते मी पाहिलं. मला बरं वाटलं. आमच्या वेळी पुरुषानं इस्त्री हातात घेतली तर ती दुरुस्त करायलाच.

मधली खोली म्हणजे माझ्यासारख्यासाठी वाईट जागा. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला गॅलरी, दोन्ही दारं उघडी. मी काही मुद्दाम कान लावून बसलो नव्हतो. पण कान काय, पापणीसारखे मिटता येत नाहीत.

ओट्यावर साखरेच्या बरणीखाली तो कागद मी आत पाणी प्यायला आलो तेव्हाच पाहिला होता. तुझ्या नकाशांच्या ऑफिसचा. सहा महिन्यांचं शिक्षण, दुसऱ्या शहरात, परत आल्यावर वरची जागा, आणि होकार कळवायची शेवटची तारीख वीस. बरणीच्या बुडाचा गोल डाग कागदावर पडला होता, म्हणजे बरेच दिवस तो तिथंच असावा. तू मला काही बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. आपल्या घराण्याची रीतच ती.

मग तू चिंगीला हाक मारलीस आणि हलक्या आवाजात म्हणालीस, "जा, बाबांना विचार, सहा महिने घर आणि तुला सांभाळायला जमणार आहे का त्यांना. जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगा म्हणावं, मी नाही म्हणून कळवून टाकते."

शब्द न शब्द हाच होता. तुला खोटं वाटलं तर आठवून बघ.

चिंगी बाहेर आली. गॅलरीकडे जाता जाता माझ्यासमोर थांबली, एका पायावर दुसरा पाय ठेवून, तू उभी राहायचीस तशी. सहा वर्षांची पोर, पण चेहऱ्यावर असा भाव की साहेबाच्या केबिनबाहेर कारकून उभा असावा. मला बघून तिला काय सुचलं कोण जाणे. अगदी कामाची गोष्ट विचारावी तसं हळूच विचारलं, "आजोबा, जसंच्या तसं सांगू, की नीट करून सांगू?"

हे ते वाक्य.

मी त्यावर काय म्हणालो ते आत्ता नको. ती गॅलरीत गेली आणि म्हणाली, "बाबा, आई विचारते तुम्ही दमलात का?"

इस्त्रीचा आवाज थांबला. जावईबापू म्हणाले, "दमलोय ग. फार दमलोय."

ती परत माझ्यासमोरून आत गेली आणि तुला म्हणाली, "बाबा म्हणाले, ते फार दमलेत."

त्यानंतर मला आधी बरणी उचलल्याचा आवाज आला, मग ओट्याखालचा खण उघडल्याचा, आणि खण बंद झाला तो जरा जास्तच हळू. खरा राग आलेला माणूस खण आपटत नाही. हे मला तुझ्या आईमुळे ठाऊक आहे.

जेवताना तू त्यांना वाढलंस, त्यांनी 'पुरे' म्हटलं. चिंगीनं तुझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबांना भाजी आवडली." त्यांनी तसं काही म्हटलं नव्हतं. मी चिंगीच्या ताटाकडे पाहिलं, तिनं स्वतः दोन घाससुद्धा खाल्ले नव्हते. जेवायला वेळ कुठं मिळतोय तिला? ड्युटीवर होती ती.

संध्याकाळी जावईबापू मला थांब्यावर सोडायला आले. बस येईना. ते म्हणाले, "बाबा, तुमची मुलगी माझ्याशी बोलत नाही. काही मागत नाही, भांडत नाही. दमलात का, एवढंच विचारते. आठवडाभर रोज तेच विचारते. मी काय इतका म्हातारा दिसायला लागलो का हो?"

दिवसभर लोकांची हाडं बघणारा माणूस, एक्स-रेच्या खोलीत बसून आतलं सगळं दिसतं त्याला, आणि घरात अकरा दिवसांवर आलेली तारीख दिसत नाही. कशी दिसावी? त्यांना तो प्रश्न पोचलाच नाही. तुला वाटलं त्यांनी नाही म्हटलं. त्यांनी 'दमलोय' म्हटलं, आणि ते खरंच दमलेत.

जिभेवर आलं होतं की त्यांना सगळं सांगून टाकावं. बस आली नसती तर सांगितलंही असतं. मग मनात आलं, म्हणजे आता चिंगीच्या जागी मी. तिचं काम हलकं झालं असतं आणि घरात निरोप पोचवणारा फक्त बदलला असता.

म्हणून हे तुला लिहितोय. गिऱ्हाईक आलंय, थांबतो.


ता. ११, गुरुवार
सकाळी

दोन दिवस पत्र खणात पडून होतं. गिऱ्हाईक तर दहा मिनिटांत गेलं होतं. पुढचं लिहायचं म्हणून टाळत होतो, हे कबूल केलेलं बरं.

चिंगीनं विचारलं, जसंच्या तसं सांगू की नीट करून. मी हसलो, आणि म्हणालो, "नीट करून सांग, बाळा."

मी म्हणालो. ती निदान विचारायला तरी थांबली होती. एवढ्या वर्षांत या कामाबद्दल मोठ्या माणसाला कोणी पहिल्यांदाच विचारलं असेल, आणि मोठा माणूस असं बोलला. जीभ आपोआप वळली. सव्वीस वर्षांची सवय.

तू पाच वर्षांची असताना आपण त्या जुन्या जागेत राहायचो. पुढे दुकान, मागे घर, मध्ये प्लायवूडची भिंत. त्या भिंतीच्या अलीकडे माझा ग्राइंडर, पलीकडे आईचा ओटा. त्या दिवसांत आई मला थोडीफार मदत करायची. तार गुंडाळायला तिचा हात बरा होता. छापखान्याचे थोरले मालक आपली मोटार न्यायला आले, त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, काय हात आहे, वेटोळी मोजून घ्यावीत अशी बसलीत. कोणाचं काम? दुकानात इतर लोक होते. आई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. मी म्हणालो, या दुकानात दुसरा हात आहे कोणाचा? लोक हसले, कोणी माझ्या पाठीवर थाप मारली. आईनं कप ठेवले आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून मला आवाज आला. तुला ती म्हणत होती, "जा, बाबांना सांग, ज्याचा हात आहे त्यानंच यापुढे तार धरावी."

तू बाहेर आलीस. एका पायावर दुसरा पाय. म्हणालीस, "बाबा, आईचे डोळे दुखतात. तिला तार दिसत नाही."

तो तुझा पहिला निरोप. तुला कोणी शिकवलं नव्हतं. बापाचा चेहरा पाहिलास, आईचा पाहून आलीच होतीस, आणि मधल्या चार पावलांत तू ते तयार केलंस. मी काय केलं? संध्याकाळी डोळ्यांत घालायचं औषध घेऊन आलो. तुझ्याच हाती आत पाठवलं. दिवसातून तीनदा, असं सांगून. आणि तेव्हापासून लोकांना सांगत आलो, बायकोचे डोळे नाजूक, म्हणून मी तिला कामातून मोकळं केलं. बायका मला नावाजायच्या. असा नवरा मिळायला नशीब लागतं म्हणायच्या, तुझ्या आईच्या देखत.

आता ऐक. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मला मूळचं बोलणं ऐकू यायचं. नेहमी. त्या भिंतीतून शब्द न शब्द यायचा. ती काय म्हणाली ते मला आधी कळायचं, मग तू बाहेर येऊन काहीतरी गोड सांगायचीस, आणि मी तुझ्या गोड निरोपाला उत्तर द्यायचो. सोयीचं होतं ना. मूळच्याला उत्तर द्यायचं तर मला उठून आत जावं लागलं असतं.

तू नऊ वर्षांची असताना ती तुला म्हणाली होती, "सांग त्यांना, मी मावशीकडे चाललेय. परत यायचं की नाही ते तिथं गेल्यावर ठरवीन." तू मला येऊन सांगितलंस, "आई चार दिवस मावशीकडे जातेय. तुमच्यासाठी काही आणू का विचारते." माझ्या हातात सुटी बेअरिंग होती, ती खाली पडली. वाकून ती शोधता शोधता मी म्हणालो, "मोजे आण म्हणावं. काळे."

ती चार दिवसांनी आली. काळे मोजे घेऊन.

मला तेव्हा वाटलं, बघ, सुटला प्रश्न. केवढा हुशार समजायचो मी स्वतःला. त्या चार दिवसांत तू काय करत होतीस, हे मी विचारलं नाही. शेजारणीनं नंतर सांगितलं की तू रोज शाळेतून आल्यावर बस थांब्यावर जाऊन बसायचीस. त्याआधी एकदा तुला ताप चढला होता. तापात बरळत होतीस आणि सारखं विचारत होतीस, आता निरोप कोण नेणार? मी ते सगळ्यांना कौतुकानं सांगायचो. पोस्टमास्तर हे नाव तेव्हाच ठेवलं.

काल दुपारी जेवण झाल्यावर मी ठरवून आत गेलो. आई खिडकीपाशी बसून बटाटे सोलत होती. मी दारात उभा राहून म्हणालो, चिंगीबद्दल काहीतरी बोलायला हवं.

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "कोणाशी बोलताय?"

आणि खरोखर मागे वळून पाहिलं ग तिनं, की दुकानातला कोणी कामगार तिच्या मागे येऊन उभा आहे की काय. टोमणा असता तर मी हसण्यावारी नेला असता. तिला खरंच वाटलं नाही की मी तिच्याशी बोलतोय.

मी म्हणालो, "तुझ्याशी."

तिनं सुरी ठेवली. मी स्टूल ओढून बसलो आणि तिला रविवारचं सगळं सांगितलं. साखरेची बरणी, 'दमलात का', खण, जावईबापू थांब्यावर काय म्हणाले ते, चिंगीनं मला काय विचारलं ते, आणि मी तिला काय सांगितलं तेही. ते ऐकून तिनं डोळे मिटून घेतले. मग म्हटलं, आलोच आहे तर सगळंच. तिला सांगितलं की त्या जुन्या घरात भिंतीपलीकडून मला तिचं सगळं ऐकू यायचं. मला वाटलं होतं ती हादरेल. रडेल, निदान विचारेल तरी की मग इतकी वर्षं गप्प का बसलात.

ती म्हणाली, "माहीत आहे मला."

मी विचारलं, कसं?

"मी बोलायला लागले की तुमचा ग्राइंडर बंद व्हायचा."

ती म्हणाली, "म्हणून तर जरा मोठ्यानं बोलायचे मी. ग्राइंडर थांबला की वाटायचं, आज तरी आत येतील. मग पोर बाहेर जायची, तुमच्याशी बोलायची, आणि ग्राइंडर परत सुरू."

मी विचारलं, मग तिला कशाला पाठवायचीस? तिनं उलट विचारलं, तुम्ही तिच्या हातून कशाला घ्यायचात? मग ती म्हणाली की मोजे आणले ते दुकानात अर्धा तास उभं राहून आणले. घ्यावेत की सरळ स्टेशनवर परत जाऊन मावशीकडचं तिकीट काढावं, असं चाललं होतं तिचं. मोजे काळेच हवेत असं तुम्ही सांगितलं होतं म्हणून घेतले, म्हणाली. रंग सांगितला म्हणजे माणूस थोडं तरी वाट बघत असेल असं वाटलं.

खरं सांगू? रंग मी उगीच सांगितला होता. तोंडाला आला तो. पण हे तिला नाही सांगितलं. बघ, अजून किती आत आहे ते.

उठताना तिनं विचारलं, पोरीला पत्र लिहिताय ना, दोन दिवस खण उघडताय आणि मिटताय. मी हो म्हणालो. ती म्हणाली, "माझं नाव घालून काही लिहू नका त्यात. माझं मी लिहीन."

तेव्हा आठवलं की मंगळवारी मी तेच केलंय. वर लिहिलंय ना, आई मजेत आहे, शेक घे म्हणते? तिनं तसं काही म्हटलं नव्हतं. तुझी पाठ दुखते हे तिला ठाऊकच नाही. मजेत आहे की नाही, हे मी विचारलं नव्हतं. खोडणार होतो, पण तसंच ठेवलंय, म्हणजे तुझ्या लक्षात येईल की हे काम तू एकटीच करत नव्हतीस, आणि माझ्या हातून ते अजून सुटलेलं नाही.

आता तुझ्याबद्दल. उपदेश म्हणून घेऊ नकोस, दुरुस्तीवाला म्हणून सांगतो.

हे पत्र तुला सोमवार-मंगळवारपर्यंत मिळेल. वीस तारीख शनिवारी आहे. तो कागद खणातून काढ, आणि तुझ्या पायांनी गॅलरीत जा. ते इस्त्री करत असतील तर इस्त्रीची पिन काढ, नाहीतर कपडा जळेल आणि बोलणं त्यावरच जाईल. चिंगीला शेजारी पाठव किंवा झोपू दे. मग तू तिला जे सांगितलं होतंस तेच त्यांना विचार, त्याच शब्दांत. जमत नसेल तर स्पष्ट सांगा, हेसुद्धा म्हण. थोडं कडू लागेल. लागू दे.

ते नाही म्हणतील, असंही होईल. सहा महिने म्हणजे गंमत नाही, आणि ड्युटी सांभाळून घर करायचं म्हणजे माणूस घाबरेल. तुम्ही कदाचित भांडाल. आवाज चढेल. आपल्या घरात तो कधी चढला नाही, आणि त्याचं मी लोकांना भूषण म्हणून सांगत राहिलो. तुझ्या घरी चढला तर मला कळव, मी वाईट वाटून घेणार नाही. चिंगीला ऐकू गेला तरी चालेल. मोठ्या माणसांचं बोलणं ऐकून लेकरू एकदा दचकतं. ते रोज उचलून न्यावं लागलं तर काय होतं ते तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. जेवताना तू अजून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत असतेस. रविवारी पाहिलं मी. तुझंही ताट अर्धंच होतं.

चिंगीशी मी स्वतः बोलेन, छत्री न्यायला येईन तेव्हा. मी चुकीचं सांगितलं होतं, एवढं तिला मलाच सांगायचंय. माझ्या वतीनं तिला काही सांगू नकोस. तुला मोह होईल, म्हणून लिहिलं.

सहा महिने जावईबापूंना घर जड गेलं तर मी दर रविवारी येत जाईन. मला इस्त्री येत नाही, पण बिघडली तर दुरुस्त करता येईल. आई येईल का ते तिला विचारलेलं नाही, तेव्हा तिच्याबद्दल काही लिहीत नाही.

दर पत्रात मी खाली 'तुझे आई-बाबा' लिहीत आलो. सही एकाची, नावं दोघांची. आज तसं करवत नाही. आणि यापुढे तुला पोस्टमास्तर म्हणणार नाही. या पत्राच्या वरती लिहिलंय ते शेवटचं.

तुझा,
नुसता बाबा

ता. क. काल आईनं उठता उठता विचारलं की छापखानेवाले परवा काय म्हणाले. मी सांगितलं, मोटार अजून चालते म्हणाले. तिनं विचारलं, आणि तुम्ही काय म्हणालात? मी गप्प बसलो. ते तिला ऐकू आलं. म्हणून तुला लिहून ठेवतो: त्या मोटारीची सगळी तार तुझ्या आईनं गुंडाळली होती, नऊ दिवस बसून, तुला मांडीवर घेऊन. त्याआधीच्या आणि त्या वर्षभरातल्या सगळ्याच मोटारींची तिनंच गुंडाळली होती. मी झाकणं बसवली.